मोलकरीण ते आजी : युनबाईंचे सिनेमे

आजच्या गप्पा एका नटीबद्दल आहेत. ती आपल्या देशातली नाही, तिची भाषा आपल्याला कळत नाही आणि तिचा सिनेमा आपल्या तालुक्याच्या थेटरात लागण्याची शक्यताही नाही. तरी अर्धा तास तिच्यासाठी काढावा असं आम्हाला वाटलं. आपल्या पोरी हल्ली मोबाइलवर कोरियन मालिका बघत बसतात. त्यातली देखणी मुलं-मुली त्यांना तोंडपाठ असतात. त्याच देशातली ही बाई, पण वय सत्तरीच्या पुढचं. तिनं केलेल्या भूमिका मात्र आपल्या जास्त ओळखीच्या आहेत: धुणीभांडी करणारी, समुद्रात उतरून पोट भरणारी, नातवंडं सांभाळायला लेकीकडे गेलेली.

नाव युन यो-जंग. दक्षिण कोरियात आडनाव आधी घेतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटावर असतं तसं. म्हणजे युन हे आडनाव. आम्ही त्यांना युनबाईच म्हणणार आहोत.

सिनेमाचे प्रकार असतात हे आपल्याला माहीत आहे. भुताखेतांचा, मारामारीचा, रडवणारा घरगुती, हसवणारा, चोर-पोलिसांचा. प्रकार ठरला की त्यातली माणसंही बरीचशी ठरून जातात. घरगुती सिनेमातली आजी देव्हाऱ्यासमोर बसणार, नातवाला लाडू देणार आणि शेवटी डोळे पुसणार. भीतीच्या सिनेमातली परकी बाई घर उद्ध्वस्त करणार. श्रीमंतांच्या सिनेमातली मालकीणबाई भुवई उंचावून बोलणार. हे साचे आपल्याकडेही आहेत, कोरियातही आहेत. युनबाईंनी जवळजवळ सगळ्या प्रकारांत काम केलं. आणि प्रत्येक ठिकाणी त्या साच्यात बसतात असं वाटेपर्यंत त्यातून निसटतात. त्या कशा निसटतात, ते आज बघू.

युनबाईंचा जन्म 1947 सालचा, केसंग गावचा. पुढे कोरियाचे दोन देश झाले आणि ते गाव उत्तरेकडच्या देशात गेलं. त्या वाढल्या दक्षिणेत, सोल शहरात. कॉलेजात कोरियन साहित्य शिकत असताना चार पैसे मिळावेत म्हणून एका टीव्ही केंद्रावर लहानसहान काम करायला गेल्या, तिथेच कुणीतरी नटांच्या निवडीला बसायला सांगितलं, आणि 1966 साली मालिकांत काम सुरू झालं. नाटकाचं शिक्षण नाही, घराणं नाही. आपण शिकलेलो नाही या कमीपणाच्या भावनेमुळेच मी संवाद घोकून घोकून पाठ करते, असं त्यांनी पुढे कितीदा तरी सांगितलंय.

पहिला सिनेमा 1971चा. दिग्दर्शक किम की-यंग. त्या सिनेमाच्या नावाचा अर्थ 'आगीची बाई' असा होतो. गोष्ट अशी: खेड्यातली एक तरुण मुलगी शहराकडे येते आणि एका घरात मोलकरीण म्हणून राहते. घरची बाई कोंबड्यांची पोल्ट्री चालवते, संसार तिच्या कष्टावर चाललाय. नवरा गाण्यांना चाली लावतो. नवऱ्याचा आणि मोलकरणीचा संबंध येतो, तिला दिवस जातात, मालकीण तिला पोट पाडायला लावते, आणि मग ती मुलगी त्या घरावर सूड उगवते. सिनेमा भीतीचा आहे. लाल-निळा प्रकाश, उंदरांचं विष, जिन्यावरची भांडणं.

हा सिनेमा त्या काळात लोकांना इतका का झोंबला? कारण तेव्हा कोरियात खेड्यांतून हजारो मुली शहरात घरकामाला येत होत्या. शहरातल्या नव्या मध्यमवर्गी घरांत एक पोरगी स्वयंपाकघरात झोपायची आणि पहाटे उठून चूल पेटवायची. घरच्यांना तिची गरजही होती आणि भीतीही. किम यांनी त्या भीतीचा सिनेमा केला. खरं तर त्यांनी हीच गोष्ट 1960 साली एकदा केली होती आणि पुढेही पुन्हा केली, इतकी ती त्यांच्या डोक्यात बसली होती.

आता इथे युनबाई काय करतात ते बघा. भीतीच्या सिनेमात सूड घेणारी बाई डोळे वटारते, केस मोकळे सोडते. युनबाईंची मोलकरीण आधी चक्क पोरकट आहे. आनंदली की उड्या मारते, घाबरली की बिलगते. त्यामुळे पुढे तिचं डोकं फिरतं तेव्हा बघणारीला भीती वाटते, पण त्याहून आधी वाटतं की या पोरीवर अन्याय झालाय. घर कुणाचं उद्ध्वस्त झालं, त्यांचं की तिचं? हा प्रश्न सिनेमा संपला तरी सुटत नाही. वयाच्या चोविसाव्या वर्षी केलेल्या या पहिल्याच कामासाठी त्यांना कोरियातला उत्तम अभिनेत्रीचा मोठा पुरस्कार मिळाला, आणि स्पेनमधल्या सिट्झेसच्या महोत्सवातही त्याच कामाचा गौरव झाला. त्याच वर्षी एका ऐतिहासिक मालिकेत त्यांनी राजाच्या कपटी रखेलीचं काम केलं. ते इतकं वठलं की बघणारे रस्त्यात खऱ्या युनबाईंवरच चिडायचे.

आणि मग, ऐन भरात, सगळं थांबलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एका गायकाशी लग्न करून त्या अमेरिकेत गेल्या. दोन मुलगे झाले. जवळजवळ दहा वर्षं त्या पडद्यावर नव्हत्या. 1984 साली परत आल्या आणि 1987 साली घटस्फोट झाला.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचे सगळे सिनेमे इथून निघतात. चाळिशीची बाई, पदरात दोन मुलगे. दहा वर्षं कामाची सवय मोडलेली. आणि त्या काळच्या कोरियात घटस्फोट झालेली बाई म्हणजे तोंड लपवण्याची गोष्ट. ही बाई टीव्हीवर कशाला, अशा तक्रारी बघणारे करत. जी कधी काळी नायिका होती तिला आता कुणाच्या तरी मावशीचं, कुणाच्या तरी शेजारणीचं दोन ओळींचं काम. अमेरिकेला परत जावं आणि दुकानाच्या गल्ल्यावर उभं राहून पोरं वाढवावीत, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. मालिका लिहिणाऱ्या किम सू-ह्यन या मैत्रिणीनं त्यांना धरून ठेवलं. पुढे तिच्याच लेखणीतून आलेल्या घरगुती मालिकांत युनबाईंना कामं मिळाली. 1991च्या सुमारास लागलेली तशी एक मालिका कोरियात घरोघरी बघितली गेली. त्यात त्या नायिकेच्या आईच्या भूमिकेत होत्या.

मिळेल ते काम घेतलं, असं युनबाई सरळ सांगतात. पोरांना खायला घालायचं होतं म्हणून घेतलं. नटाच्या हातात पैसा नसतो तेव्हा तो सगळ्यात चांगलं काम करतो, असंही त्यांचं एक म्हणणं आहे. नट-नट्यांच्या मुलाखतींत कलेची साधना, ईश्वरी देणगी असं बरंच ऐकायला मिळतं. ते ऐकून आपण मान डोलावतो. पण शेतावर रोजंदारीला जाणाऱ्या बाईला युनबाईंचं बोलणं लगेच पटेल. मजुरी म्हणून केलेलं काम मन लावून केलेलं नसतं, असं कुणी ठरवलं?

सिनेमात त्या पुन्हा ठळकपणे दिसल्या 2003 साली, साठीला टेकताना. एका वकिलाच्या घरची गोष्ट, दिग्दर्शक इम संग-सू. युनबाई वकिलाच्या आई. नवरा दारूनं यकृत खराब होऊन मरायला टेकलेला आहे, आणि ही सासूबाई घरात सांगून टाकते की माझं एका माणसावर मन बसलंय. साठीची बाई. साच्यातली सासू असं बोलत नाही. असलं काम करायला बाईला धाडस लागतं, आणि ज्या बाईला समाजानं आधीच नावं ठेवून झालेली असतात तिच्याकडे ते असतं. हा सिनेमा सगळ्यांना आवडेल असं नाही. आमच्यातल्या दोघींना तो मुळीच आवडला नाही. पण सासूबाईंवर तिघींचंही एकमत झालं.

याच इम संग-सू यांनी 2010 साली किम की-यंग यांची ती जुनी मोलकरणीची गोष्ट नव्यानं केली. सिनेमाचं नाव 'द हाउसमेड'. तरुण मोलकरणीच्या कामाला जन दो-यन ही दुसरी नामांकित नटी होती. आणि युनबाई? त्या त्याच बंगल्यातली म्हातारी मोलकरीण झाल्या. वर्षानुवर्षं तिथे राबलेली, सगळ्या खोल्या आणि सगळी गुपितं माहीत असलेली. एकोणचाळीस वर्षांपूर्वी जी पोरगी त्या जिन्यावरून वर गेली होती, ती जणू मेली नाही, तिथेच नोकरी करत म्हातारी झाली.

या भूमिकेबद्दल आम्ही खूप बोललो. नवी पोरगी गरोदर आहे हे म्हातारीच्या आधी लक्षात येतं, आणि ती ते मालकिणीच्या आईला जाऊन सांगते. म्हणजे स्वतः राबणारी बाई दुसऱ्या राबणाऱ्या बाईला धरून देते. का? पगार, सवय, आणि आपल्या मुलाला मोठ्या हुद्द्यावर बसवण्यासाठी आयुष्यभर वाकवलेली पाठ. युनबाई तिला दुष्ट करत नाहीत आणि बिचारीही करत नाहीत. मालकांसमोर ती ताठ, इस्त्रीच्या कपड्यासारखी. दार बंद झालं की एकटीच दारू पिते, स्वतःशी पुटपुटते. या नोकरीबद्दल तिनं चार शिव्यांची पहिली अक्षरं जोडून एक शब्दच तयार केलाय. किळसवाणं, घाणेरडं, मळमळणारं आणि हलकं, असा त्याचा साधारण अर्थ. पुढे तिचं मन फिरतं, पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. या कामानं युनबाईंना कोरियातले सहायक अभिनेत्रीचे बहुतेक मोठे पुरस्कार मिळाले.

दोन वर्षांनी, 2012 साली, त्याच दिग्दर्शकाच्या 'द टेस्ट ऑफ मनी'मध्ये त्या मालकीण झाल्या. अब्जाधीश घराण्याची मुख्य बाई. नवऱ्याचं फिलिपिन्सहून आलेल्या मोलकरणीवर मन जडतं, आणि ही मालकीण त्या मोलकरणीचा जीव घ्यायलाही मागेपुढे पाहत नाही. तरुण मोलकरीण, म्हातारी मोलकरीण, मग मालकीण. एकाच नटीनं एका घराच्या तिन्ही जागा बसून बघितल्या. सिनेमा म्हणून हा तिसरा आम्हाला पोकळ वाटला, नुसता झगमगाट. पण पहिल्या दोघी बघून झाल्यावर ही बघाच.

आता आज्यांकडे येऊ. 2016 साली युनबाईंचे दोन सिनेमे आले, आणि एकाच नटीचे आहेत यावर विश्वास बसू नये इतके ते वेगळे आहेत.

पहिल्याचं कोरियन नाव 'ग्येचुन हाल्मांग', इंग्रजीत 'कॅनोला'. कोरियन भाषेत आजीला हाल्मोनी म्हणतात, आणि जेजू बेटावरच्या बोलीत हाल्मांग. तर ही ग्येचुन आजी जेजू बेटावरची हेन्यो आहे. हेन्यो म्हणजे समुद्रात उतरणाऱ्या बाया. यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं.

जेजूच्या या बाया पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले, समुद्री गोगलगायी, शेवाळ गोळा करतात. पाठीवर हवेची टाकी नाही. एक श्वास भरून घ्यायचा, दहा मीटरपर्यंत खाली जायचं, मिनिट-दोन मिनिटं तळ चाचपायचा आणि वर यायचं. वर आल्यावर साठलेली हवा सोडताना तोंडातून शिट्टीसारखा आवाज निघतो. त्या आवाजालाही त्यांच्या भाषेत नाव आहे, सुम्बिसोरी. शेजारणीची शिट्टी ऐकू आली की ती वर आली हे कळतं. पाण्यावर तरंगणारा एक गोल असतो, त्याला जाळी बांधलेली असते, माल त्यात टाकायचा. कोण किती खोल जाऊ शकते त्यावरून त्यांच्यात तीन पायऱ्या आहेत. किनाऱ्यावर दगड रचून केलेल्या आडोशात शेकोटी पेटवून त्या ऊब घेतात, आणि तिथेच कामाचे निर्णय होतात. कुठल्या महिन्यात काय काढायचं नाही, किती लहान शिंपला परत टाकायचा, हे नियम त्या स्वतः ठरवतात आणि पाळतात. आपल्या गटाच्या बैठका आठवल्या ना? आता यातल्या बहुतेकजणी साठीच्या पुढच्या आहेत, नव्या मुली फारशा येत नाहीत. 2016 सालीच युनेस्कोनं या परंपरेला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

सिनेमात ग्येचुन आजीची नात लहानपणी शहरातल्या बाजारात हरवते. बारा वर्षांनी एक मुलगी परत येते. शहरात वाईट संगतीत वाढलेली, तोंडाळ, आजीच्या प्रेमानं घुसमटणारी. ही खरंच तीच का, असा संशय गावाला येतो. पुढचं सांगत नाही. हा सरळ सरळ रडवणारा घरगुती सिनेमा आहे, पिवळ्या फुलांची शेतं आणि निळा समुद्र सगळं त्यात आहे, आणि साच्यातली आजीही त्यात सहज बसली असती. पण युनबाईंनी तिला आधी कामकरी बाई केलं. उन्हानं रापलेला चेहरा, घाईची चाल, जेवण वाढतानाही हाताला उसंत नाही. ती नातीवर माया करते ती बोलून नाही, ताटात वाढून. त्यामुळे शेवटी डोळे भरून येतात तेव्हा आपल्याला फसवल्यासारखं वाटत नाही.

दुसरा सिनेमा अवघड आहे. 'द बॅकस लेडी'. बॅकस हे कोरियात छोट्या बाटलीत मिळणारं ताकदीचं पेय. सोलमधल्या एका जुन्या बागेत म्हातारे पुरुष दिवसभर बसून असतात. तिथे काही वयस्क बाया हे पेय विकतात, आणि पेयाच्या निमित्तानं स्वतःचं शरीरही. युनबाई अशाच पासष्टीच्या बाईच्या, सो-यंगच्या भूमिकेत आहेत.

एवढ्या प्रगत, श्रीमंत म्हणवणाऱ्या देशात म्हाताऱ्या बायांवर ही पाळी का येते? तिथली पेन्शन योजना सुरूच झाली 1988 साली. त्याआधी ज्यांची कामाची वर्षं उलटून गेली त्यांच्या हाती फारसं काही आलं नाही. म्हातारपणी पोरं बघतील हा जुना हिशोब होता, पोरं शहरांत आपापल्या कर्जात अडकली आणि तो हिशोब मोडला. आणि ज्या बाईनं आयुष्यभर घरात राबून काढलं तिच्या नावावर तर कुठलीच नोकरी नव्हती. श्रीमंत देशांमध्ये म्हाताऱ्यांच्या गरिबीत दक्षिण कोरियाचा नंबर वरचा आहे. पासष्टीच्या पुढच्या दर दहांमध्ये साधारण चारजण गरीब.

सो-यंग स्वतःची कीव करत नाही. दवाखान्यात एका फिलिपिनो बाईला पोलीस धरून नेतात, तिचा लहान मुलगा उघड्यावर पडतो, तर ही त्याला हात धरून घरी आणते. घर म्हणजे तरी काय, भाड्याची खोली. शेजारी असेच समाजानं कडेला टाकलेले: एक तृतीयपंथी घरमालकीण, एक पाय गमावलेला तरुण. त्या अंगणातली जेवणं हा सिनेमातला सगळ्यात उजेडाचा भाग आहे. पण मग तिची जुनी गिऱ्हाइकं, आजारानं खंगलेले, एकटे पडलेले म्हातारे, तिच्याकडे एक वेगळीच मागणी करू लागतात. त्यांना मरायला मदत हवी असते. ती काय करते आणि तिचं काय होतं हे बघताना आम्ही कुणीच एकमेकींकडे बघितलं नाही.

हे काम करताना आपलं मन फार खचलं होतं, असं युनबाईंनी सांगितलंय. आमच्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. जगानं टाळ्या वाजवल्या त्या मात्र पुढच्या सिनेमाला.

तो 'मिनारी', 2020 सालचा. दिग्दर्शक ली आयझॅक चंग, कोरियन आईबापांचा अमेरिकेत वाढलेला मुलगा. स्वतःच्या लहानपणावर बेतलेली गोष्ट. 1980च्या दशकात एक कोरियन कुटुंब अमेरिकेतल्या आर्कन्सा राज्यात जमीन घेतं. चाकांवरचं घर, कर्ज, कोरियन भाजीपाला पिकवायचं बापाचं स्वप्न. नवराबायको दोघंही पोट भरायला हॅचरीत जातात. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांतले नर आणि माद्या निवडून वेगळे करायचे. नर पिल्लं अंडी देत नाहीत म्हणून जाळून टाकतात. धुराड्यातून धूर निघतो. पोरगा विचारतो, बाप समजावतो: म्हणून आपण दोघांनी कामाचं असलं पाहिजे. (युनबाईंच्या पहिल्या सिनेमात पोल्ट्री होती, हे आम्हाला इथे आठवलं.) आपल्याकडे असतात तसे पाणाडे तिथेही आहेत, पण बापाला त्यांच्यावर पैसे घालवायचे नसतात. तो स्वतः जागा ठरवून विहीर खणतो. पाणी लागतं आणि पुढे आटतं. शेतकरी घरातल्या बाईला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

पोरं सांभाळायला बायकोची आई कोरियाहून येते. ती म्हणजे युनबाई. पिशवीत तिखट आणि सुके मासे. लेक ते बघून रडायलाच लागते. नातवाचं नाव डेव्हिड, त्याच्या हृदयाला दोष आहे. त्याला ही आजी आवडत नाही, कारण ती आजीसारखी नाही. बिस्किटं भाजत नाही, पत्ते खेळते, खेळताना शिव्या देते, टीव्हीवर कुस्ती बघते. अक्रोड सोलावा तसं चेस्टनट दातांनी फोडून त्याच्या हातावर ठेवते. तो चिडून तिला पेल्यात भलतंच काहीतरी प्यायला देतो. बाप मारायला फोक आणायला सांगतो, तर पोरगं गवताची काडी घेऊन येतं, आणि आजी पोराच्याच बाजूनं हसते.

कामाला सुरुवात करण्याआधी युनबाईंनी दिग्दर्शकाला विचारलं होतं की तुझ्या आजीसारखं बोलू-चालू का? तो म्हणाला, नको, तुमच्या मनानं करा. त्यामुळेच ही आजी कुणाच्या आठवणीतली मूर्ती झाली नाही. पुढे तिला पक्षाघात होतो, तोंड वाकडं होतं, हात हलत नाही. अशा अवस्थेत घराला मदत करायला म्हणून ती जे करायला जाते त्यातून मोठं नुकसान होतं. त्या रात्री ती अंधारात एकटी चालत निघते, आणि ज्या नातवाला पळायची मनाई होती तो तिच्यामागे पळत येतो. संवाद जवळजवळ नाहीच.

मिनारी ही ओढ्याकाठी, ओल्या जमिनीत वाढणारी भाजी, कोथिंबिरीच्या कुळातली. आपल्या देशात मणिपूरमध्येही ती खातात, तिथे तिला कोम्प्रेक म्हणतात. आजी तिचं बी घेऊन येते आणि नातवाच्या मदतीनं ओढ्याकाठी पेरते. पुढे तिला खत नाही, राखण नाही. बापाच्या शेताचं काय होतं आणि आजीच्या भाजीचं काय होतं, ते सिनेमातच बघा.

या कामासाठी 25 एप्रिल 2021 रोजी युनबाईंना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. अभिनयाचं ऑस्कर घेणाऱ्या त्या पहिल्या कोरियन. वय 73. व्यासपीठावर त्यांनी आधी आपल्या नावाचा उच्चार चुकवणाऱ्यांना हसत माफ करून टाकलं. नंतर, मला घराबाहेर पडून काम करायला लावणाऱ्या माझ्या दोन मुलांमुळे हे झालं, आई राबली त्याचं हे फळ, असं सांगितलं. आणि 1971 साली त्यांना पहिलं काम देणारे किम की-यंग यांचे आभार मानले. किम 1998 साली घराला लागलेल्या आगीत पत्नीसह गेले होते.

त्यांचे आणखी बरेच सिनेमे आहेत, सगळे सांगत बसत नाही. 2018च्या 'कीज टू द हार्ट'मध्ये त्या मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून गेलेल्या आणि त्यापायी थोरल्या मुलाला अंतरलेल्या आई आहेत. सिनेमा हसवत हसवत तिथे नेतो. 2020च्या 'बीस्ट्स क्लॉइंग अ‍ॅट स्ट्रॉज' या गुन्ह्याच्या गोष्टीत पैशांनी भरलेली एक बॅग हातोहात फिरते आणि युनबाई विसराळूपणाच्या आजारानं ग्रासलेल्या म्हाताऱ्या आई. 2022 साली 'पचिंको' ही मालिका आली, त्यात जपानमध्ये जाऊन संसार केलेल्या कोरियन बाईचं म्हातारपण त्यांनी रंगवलं.

भाषेचं काय, असं तुम्ही विचाराल. पडद्याखाली इंग्रजी ओळी येतात, कुठे कुठे हिंदी आवाजही मिळतो. गटात एखादी शिकलेली मुलगी असेल तर तिला शेजारी बसवून मोठ्यानं वाचायला सांगा, आम्ही तसंच करतो. एक गोष्ट मात्र कानांनीच ऐका. कोरियन भाषेत आपल्या तू, तुम्ही, आपण यांच्यासारखे मान देण्याचे बरेच प्रकार आहेत. 'हाउसमेड'मधली म्हातारी मालकांशी बोलते तेव्हाचा आवाज आणि स्वयंपाकघरात नव्या पोरीशी बोलते तेव्हाचा आवाज, यांतला फरक शब्द न कळताही कळतो.

पहिल्यांदा बघणार असाल तर 'कॅनोला'पासून सुरुवात करा, सासवा-सुना-मुली एकत्र बसून बघता येईल. 'मिनारी' कुणालाही दाखवा, घरातल्या पुरुषांनाही, विशेषतः ज्यांनी नुकतीच बोअर मारलीय त्यांना. 'आगीची बाई' आणि 'हाउसमेड' मुलांना झोपवून मगच. आणि 'बॅकस लेडी' लावाल तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बोलायला वेळ ठेवा. चहा जास्तीचा लागतो.